तण कोणी ठरवायचं?

दोन वर्षांपूर्वी कंपनीने घरून कामाला परवानगी दिली आणि मी पुण्याहून गडमुडशिंगीला परत आलो. पाऊस ओसरला होता आणि ओढ्याकाठी कास गवत फुललं होतं. माणसाच्या डोक्यावरून जाणारी उंची आणि वाऱ्यावर हलणारे रेशमी पांढरे तुरे. (साताऱ्याच्या कास पठाराशी गल्लत नको, हे गवत वेगळं, शास्त्रीय नाव सॅकरम स्पॉन्टेनियम.) पुण्यात ऑफिसच्या लॉबीत अशीच शोभेची गवतं महागड्या कुंड्यांत पाहिली होती. इथं तर फुकट होतं. एक ठोंब खणून आणला आणि परड्यात, चुलत्यांच्या उसाच्या बांधालगत लावला.

आज्जीने विचारलं, "आरं, लोकं तण काढत्यात, आन् तू लावतोयस व्हय?"

माझं उत्तर तयार होतं. निसर्गात 'तण' नावाची जात नसते. ते आपण दिलेलं लेबल आहे. पुरावाही समोरच उभा होता: ऊस. कास हा उसाचा रानटी भाऊबंद. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. तिथं बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी गोड, जाड उसाचा या रानगवताशी संकर केला आणि १९१८ मध्ये 'को २०५' हा वाण शेतकऱ्यांना मिळाला. गोडवा उसाचा, काटकपणा गवताचा. आज आमच्या भागात लावला जाणारा 'को ८६०३२' घ्या किंवा दुसरा कुठलाही संकरित ऊस, त्याच्या अंगात थोडं कास आहेच. म्हणजे ज्याला आपण बांधावरून उपटतो, त्याच्याच नात्यातल्या पिकावर आपली घरं उभी आहेत.

आणखी एक गंमत. कासाला तुरा आला की आपण फोटो काढतो. उसाला तुरा आला की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी येते, कारण वाढ थांबते आणि ऊस तसाच उभा राहिला तर त्यात दशी पडते. 'पथेर पांचाली'चं शूटिंग चालू असताना सत्यजित राय यांनी कासाच्या रानातल्या दृश्याचा काही भाग टिपला आणि आठवड्याने परत आले, तर गुरांनी सगळे तुरे खाऊन टाकले होते. उरलेल्या भागासाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. रायना ते दृश्य होतं, गुरांना चारा. मग खरं मूल्य कोणतं? माझं उत्तर होतं: ज्याची त्याची नजर.

हे उत्तर वर्षभर टिकलं.

दुसऱ्या पावसाळ्यात चुलत्यांच्या उसात, बांधापासून दोन सऱ्या आतपर्यंत, कासाचे कोंब निघाले. हे गवत नुसतं बियांनी पसरत नाही. जमिनीखाली त्याची खोडं धावतात, आणि खुरप्याने तुकडे केले तर एकेका तुकड्यातून नवं रोप उभं राहतं. पातीच्या कडा धारदार असतात. चुलती दोन दिवस भांगलत होती. संध्याकाळी तिच्या हातावर बारीक चिरा दिसल्या. मी माफी मागितली, तर ती एवढंच म्हणाली, "फूल बघायला बरं हाय बाळा. पर बघायला तू आन् भांगलायला मी."

तेव्हा माझ्या युक्तिवादातली चूक कळली. 'ज्याची त्याची नजर' हे तेव्हाच खरं, जेव्हा सगळे नुसते बघत असतात. इथं एकजण बघत होता आणि दुसरीला वाकावं लागत होतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे रोज करतो: आपल्या टीमला आवडलेलं फीचर सोडतो आणि रात्री दोनला उठून निस्तरायचं काम दुसऱ्या टीमचं. जगातही तेच. पनामा कालव्याच्या खोऱ्यात हेच गवत मोकळ्या जमिनी व्यापून बसलं आहे आणि तिथं जंगल पुन्हा उभं राहणं अवघड झालं आहे. अमेरिकेच्या केंद्रीय उपद्रवी तणांच्या यादीत त्याचं नाव आहे. गवत वाईट नाही. पण ते कुंपण ओलांडतं, आणि कुंपणापलीकडचा खर्च लावणाऱ्याच्या हिशोबात येत नाही.

म्हणून आता माझं मत असं: तण कशाला म्हणायचं हे बघणाऱ्याने नाही, भांगलणाऱ्याने ठरवावं.

मग आवड सोडून द्यायची का? मी सोडली नाही, पण रीत बदलली. तुम्हालाही लावायचं असेल तर जमिनीत लावू नका. अर्धा कापलेला ड्रम घ्या, तळाला छोटी भोकं पाडा आणि तो विटांवर ठेवा, म्हणजे भोकातून बाहेर आलेलं खोड दिसेल आणि छाटता येईल. माती वाळूमिश्रित. पावसाच्या सुरुवातीला दोन-तीन डोळ्यांचा मुळासकट तुकडा लावा. दिवसभर ऊन हवं, सावलीत ते रडतं. खत जवळपास नकोच. हिवाळा संपताना जमिनीपासून वीतभर ठेवून कापा, हातमोजे घालून. आणि सगळ्यात अवघड काम: तुरा पूर्ण फुलून म्हातारीसारखा उडायच्या आत कापायचा. म्हणजे ज्या क्षणासाठी लावलं, तो क्षण येण्याआधीच.

यंदा मी तुरे चंदेरी असतानाच कापले आणि घरात तांब्यात ठेवले. ओढ्यावरच्यासारखे ते दिसत नाहीत, खोटं कशाला बोलू. ते बघायला मी ओढ्यावरच जातो.

ड्रम ठेवण्याआधी मात्र चुलतीला विचारलं होतं. तिने आधी विटा हलवून बघितल्या, तळाची भोकं बघितली आणि मग म्हणाली, "ठेव."