रामगिरी आणि दांपत्यसुखाचा धर्म

नागपूरहून सुमारे ५० किलोमीटरवर रामटेक आहे. जोडपी खिंडसी तलावाकाठी मुक्काम करतात, नौकाविहार करतात आणि गडावर जाऊन रामाचे दर्शनही घेतात. पतीपत्नीचे सुख आणि धर्म एकत्र नांदू शकतात का, हा प्रश्न या टेकडीशी फार पूर्वीपासून जोडलेला आहे.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजेच रामटेक, असे प्रतिपादन केले. काव्यातला यक्ष कर्तव्यात चुकला, म्हणून कुबेराने त्याला वर्षभर पत्नीपासून दूर धाडले. चूक नेमकी कोणती, हे कालिदास सांगत नाही. पत्नीच्या ओढीने कामात हयगय झाली, असा अर्थ पुढे रूढ झाला. तो मान्य केला तरी शिक्षा प्रेमाची नाही, हयगयीची आहे. शिवाय यक्ष राहतो ती जागाही बोलकी आहे: सीतेच्या स्नानाने तिथले पाणी पवित्र झाले आहे आणि उतारावर रघुपतीची पावले उमटली आहेत. वनवासातल्या दांपत्याच्या सहवासाने पावन झालेल्या भूमीवर कवीने विरही पती बसवला, ही योजना सहज सुचलेली वाटत नाही.

चार पुरुषार्थांत कामाला जागा आहेच. गीतेच्या सातव्या अध्यायात धर्माला न सोडणारा काम कृष्ण स्वतःचेच रूप मानतो. संन्यासमार्ग मात्र कामाला बंधन समजतो. महाराष्ट्रात नामदेव, एकनाथ, तुकाराम या गृहस्थ संतांनी संसारात राहूनच भक्ती केली.