झाकलेली चाल

निकाल आधीच ठाऊक असलेला डाव पटावर मांडला की एक फसगत हमखास होते. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमी इथे नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. निर्णायक रॅपिड डावात दिव्याकडे काळी मोहरी होती आणि सुरुवात होती कॅटलान. नरखेड तालुक्यातल्या एखाद्या मुलीने आज तो डाव उतरवून घेतला, तर पहिल्या प्याद्यापासूनच तिला दिव्याचा विजय ठरलेला वाटेल.

इथेच जुना प्रश्न उभा राहतो. माणूस करतो, की त्याच्याकडून करवलं जातं?

सुरुवातीच्या चालींपुरतं करवलं जातं, असं म्हणायला जागा आहे. १९२९ साली बार्सिलोनाच्या स्पर्धेत, आयोजकांच्या आग्रहावरून, बुद्धिबळपटू तार्ताकोवर यांनी कॅटलान खेळली. पांढऱ्याचा उंट जी-२ वर बसतो आणि लांब कर्णावर नजर ठेवतो. तेव्हापासूनचा सगळा अभ्यास हंपीच्या आणि दिव्याच्याही हाताशी होता. हे दोघींचं संचित.

पण संचित कुठेतरी संपतं. मग उरतात पंधरा मिनिटं, प्रत्येक चालीमागे वाढणारे दहा सेकंद आणि खेळणारी. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. दैव त्यात आहे, पण पाचवं. कर्ता आणि त्याचे प्रयत्न दैवाच्या आधी येतात. टिळकांनीही ‘गीतारहस्या’त आत्मस्वातंत्र्यासाठी कर्मविपाकाच्या जोडीने अख्खं प्रकरण दिलं, ते उगाच नव्हे.

नरखेडच्या संत्रा बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. आंबिया बहार धरायचा की मृग, पाणी तोडून झाडांना किती ताण द्यायचा, हे तो ठरवतो. गारपीट तो ठरवत नाही. मात्र गारा पडून गेल्या की ‘नशिबातच होतं’ म्हणणारे त्याचं ठरवणंसुद्धा पुसून टाकतात. ‘ठरलेलं’ हा शिक्का नेहमी शेवट पाहून मारलेला असतो. संगणकाने तर प्रत्येक चालीला गुण देऊन हरलेल्याला दोष लावणंही सोपं केलं आहे. दोन्हींत खेळणाऱ्यावर अन्याय होतो.

म्हणून जुने प्रशिक्षक सांगतात तसं करावं. पुढची चाल कागदाने झाकावी, स्वतः विचार करावा, मगच कागद सरकवावा. आणि हा डाव एकदा तरी हंपीच्या बाजूने बसून पाहावा.