कोकोला नेमकं काय कळतं?

लिलियन जॅक्सन ब्रॉन यांच्या ‘द कॅट हू’ मालिकेच्या वाचकांत दोन तट आहेत. एका तटाची तक्रार अशी, की या पुस्तकांत रहस्य नावालाच असतं. सुरुवातीला कुणीतरी मरतं, मग जेवणावळी, नाटकाच्या तालमी, गावगप्पा आणि बर्फाची वादळं असं सगळं सावकाश चालतं. शेवटच्या काही पानांत गुन्हेगार आपसूक हाती लागतो. दुसरा तट यातलं एकही विधान खोडून काढत नाही. तो फक्त म्हणतो, आम्हाला गुन्हेगार नको होता, कोको हवा होता.

कोको म्हणजे सयामी बोका. त्याच्या जोडीला यमयम नावाची सयामी मांजरी आणि दोघांना सांभाळणारा जिम क्विलरन हा पत्रकार. जाड मिशांचा, मध्यमवयीन, दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेला. एकोणतीस कादंबऱ्या या तिघांभोवती फिरतात. पहिली, ‘द कॅट हू कुड रीड बॅकवर्ड्‌स’, १९६६ साली आली. शेवटची २००७ साली. अशा रहस्यकथांना कोझी मिस्टरी म्हणतात. खून होतो, पण पानावर रक्त सांडत नाही. तपास करणारा पोलिसातला नसतो. गाव लहान असतं आणि सगळे एकमेकांना ओळखतात. आगाथा ख्रिस्तींच्या मिस मार्पलचं सेंट मेरी मीड हे या गावांचं मूळपीठ. मांजरांच्या रहस्यकथा ही त्याच घराण्यातली एक मोठी, भरभराटलेली शाखा. तिच्या वाचकांची मतं मला गंभीरपणे ऐकण्यासारखी वाटतात, कारण समीक्षकांनी जे प्रश्न विचारायलाच नकार दिला, ते हे वाचक मालिकेच्या प्रत्येक पुस्तकागणिक विचारत आले आहेत.

त्यातला पहिला प्रश्न: कोको गुन्हा शोधतो म्हणजे नेमकं काय करतो?

नमुन्याचा प्रसंग पाहा. रात्र झाली आहे. क्विलरन खुर्चीत बसून दोन्ही मांजरांना मोठ्यानं पुस्तक वाचून दाखवतो आहे. कोको कपाटावर चढतो, पुस्तकांच्या मागच्या फटीत शिरतो आणि एक पुस्तक पंज्यानं पुढे सारत खाली पाडतो. क्विलरन नाव वाचतो, पुस्तक उचलून जागेवर ठेवतो. दोन दिवसांनी कोको तेच पुस्तक पुन्हा पाडतो. एखाद्या पाहुण्याच्या बुटाजवळ जाऊन तो शेपूट फुगवतो, एखादा फोन वाजण्याआधीच टेलिफोनकडे टक लावून बसतो, कुठे काही घडलं की घशातून खोल, लांबलचक ओरडतो. क्विलरनच्या मिशा शहारतात. काही प्रकरणांनंतर त्या पुस्तकाच्या नावातला एखादा शब्द खुन्याशी जुळतो.

पहिल्या तटाच्या वाचकांना ही चक्क लबाडी वाटते. उत्तर कळल्यावर खूण शोधायची, तर कुठलीही खूण जुळवता येईल. आक्षेप तर्काच्या बाजूनं अगदी बरोबर आहे. तरी मला वाटतं, ब्रॉन यांना त्यातली गोम पुरती ठाऊक होती. कादंबऱ्यांत त्या कोकोच्या डोक्यात शिरत नाहीत. तो काय करतो तेवढंच दिसतं. त्याचा अर्थ लावण्याचं काम क्विलरनचं. तोही बहुतेक वेळा उशिरा लावतो, चुकीचा लावतो, आणि पोलिसांना सांगायची त्याची हिंमत होत नाही. कोकोचं वागणं न्यायालयात पुरावा म्हणून ठेवता येणार नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं. म्हणजे या कथांतला खरा तपास मांजराचा नाही. मांजराकडे पाहणाऱ्या माणसाचा आहे.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना हा तपास रोजचा आहे. मनी दाराकडे बघत बसली, म्हणजे कुणी येतंय का? बोक्यानं नेहमीची वाटी हुंगून तोंड फिरवलं, म्हणजे दूध नासलंय की त्याचं काही दुखतंय? मांजराला आपल्यापेक्षा जास्त कळतं ही काही भाबडी समजूत नाही. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला साठ हजारांच्याही पलीकडचा. कोऱ्या भिंतीकडे ते डोळे लावून बसतं तेव्हा भिंतीमागच्या उंदराची किरकिर त्याला ऐकू येत असू शकते. वरच्या ओठाच्या दोन्ही बाजूंना चार ओळींत साधारण बारा-बारा मिशा असतात, आणि हवेच्या बारीकशा हालचालीनंही त्यांच्या मुळांशी संवेदना जागी होते. मांजराकडे खरोखर माहिती असते. ती आपल्यासाठी नसते, एवढंच. आपल्याकडे मांजर आडवं गेलं की क्षणभर थांबणारी माणसं अजून आहेत. मांजराच्या जाण्या-येण्यात निरोप वाचण्याची ही खोड फार जुनी आणि दूरवर पसरलेली. आपल्या अंधश्रद्धेत त्या निरोपाची भीती आहे. ब्रॉन यांनी त्याच खोडीतून माया आणि कुतूहल उभं केलं.

म्हणूनच पुढच्या पुस्तकांबद्दलची वाचकांची एक तक्रार मला फार नेमकी वाटते. मालिका लांबली तसं कोकोच्या शक्तीचं कारण उघडपणे सांगितलं जाऊ लागलं: त्याला इतर मांजरांपेक्षा जास्त, चांगल्या साठ मिशा आहेत. शेवटच्या पुस्तकाच्या नावातच तो आकडा आला. ‘त्याला काहीतरी कळतं’ यात जी थरथर होती ती ‘त्याला साठ मिशा आहेत म्हणून कळतं’ यात उरली नाही. संशय होता तोवर क्विलरनच्या जागी वाचकाला बसता येत होतं. खुलासा झाला आणि ती जागा गेली.

मांजरानं किती बोलावं हाही या वाचकांचा जिव्हाळ्याचा वाद. रिटा मे ब्राउन यांनी १९९० पासून लिहिलेल्या मिसेस मर्फी मालिकेत व्हर्जिनियातल्या क्रोझे गावची मांजरी आणि तिची कुत्री-मैत्रीण आपसांत भरपूर बोलतात. माणसांना ते कळत नाही. लेखिकेनं मुखपृष्ठावर सहलेखिका म्हणून स्नीकी पाय ब्राउन या आपल्या मांजरीचं नाव दिलं आहे. कॅरोल नेल्सन डग्लस यांचा मिडनाइट लुई हा लास व्हेगासमधला धिप्पाड काळा बोका आपली प्रकरणं स्वतःच निवेदन करतो, जुन्या खासगी गुप्तहेराच्या थाटात. शर्ली रूसो मर्फी यांचा जो ग्रे तर सरळ माणसांशी बोलतो. यातल्या प्रत्येक पायरीवर काही वाचक थांबतात आणि पुढे यायला नकार देतात. मी ब्रॉन यांच्याच पायरीवर थांबते. बोलणारं मांजर हे माणसाच्या कल्पनेतलं माणूसच असतं. गप्प बसलेल्या कोकोसमोर मात्र माणसाला स्वतःचं अज्ञान घेऊन बसावं लागतं.

जपानमध्ये जिरो आकागावा यांनी १९७८ पासून चालवलेली ‘मिकेनेको होम्स’ मालिका याच पायरीवरची. होम्स ही तीन रंगांची मांजरी, आणि तिचा मालक कातायामा हा रक्त पाहून घेरी येणारा पोलीस. पहिल्या पुस्तकात खून झालेल्या माणसाची मांजरी त्याच्याकडे येते. गंमत अशी, की कोकोही असाच आलेला आहे. क्विलरनच्या वृत्तपत्राचा कलासमीक्षक माउंटक्लेमेन्स मारला जातो आणि त्याचा बोका क्विलरनच्या पदरात पडतो. दोन टोकांचे दोन देश, आणि दोन्हीकडे ही मायाळू मालिका सुरू होते ती मालक गमावलेल्या मांजरापासून.

इथून मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. मांजरांच्या रहस्यकथांच्या वाचकांची एक अट जवळपास सार्वत्रिक आहे: मांजराला काही होता कामा नये. माणसं कितीही मरोत. पुस्तक हातात घेण्याआधी काही वाचक आधी वाचलेल्यांना तेवढंच विचारून घेतात. बाहेरच्या माणसाला हा लाडावलेपणा वाटतो. या मालिकेचं मूळ पाहिलं की तसं वाटणं थांबतं.

ब्रॉन डेट्रॉइटच्या ‘फ्री प्रेस’ दैनिकात सुमारे तीस वर्षं होत्या; घरसजावट आणि राहणीमानाचं पान त्या सांभाळायच्या. त्यांचा पहिला सयामी बोका, त्याचंही नाव कोको, इमारतीच्या दहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून पडून गेला. त्याला कुणीतरी ढकललं असा त्यांचा संशय होता. त्या दुःखातून त्यांनी ‘द सिन ऑफ मादाम फ्लोई’ ही कथा लिहिली आणि १९६२ साली ती ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’मध्ये छापून आली. तिच्यातली मादाम फ्लोई ही सयामी मांजरी. शेजारचा माणूस तिच्या पिल्लाचा उंचावरून पडून मृत्यू घडवतो, आणि ती त्याला त्याच वाटेनं पाठवते. ही कथा ब्रॉन यांनी मांजरीच्या मनातून सांगितली आहे. कुठेही मवाळपणा नाही, क्षमा नाही.

चार वर्षांनी कादंबरी लिहिताना त्या मांजराच्या मनातून बाहेर आल्या आणि मालिकेत पुन्हा तिथे गेल्या नाहीत, आणि मेलेल्या कोकोचं नाव त्यांनी अशा बोक्याला दिलं, ज्याला एकोणतीस पुस्तकांत मरण नाही. त्यामुळे ‘मांजराला काही होऊ नये’ ही अट वाचकांनी लेखिकेवर लादलेली नाही. तिनं ती स्वतःसाठी आधीच घालून घेतली होती. वाचकांनी फक्त ती न सांगता ओळखली. ज्यांनी आपलं मांजर गमावलं आहे, आणि त्याबद्दल मोठ्यानं रडण्याची ज्यांना घरात-समाजात मुभा मिळाली नाही, असे या मालिकेचे कितीतरी वाचक आहेत. त्यांना कोको पुढच्या पुस्तकात परत येणार ही खात्री खुनी कोण यापेक्षा महत्त्वाची वाटते. मला ती गरज कमी दर्जाची वाटत नाही.

पहिली तीन पुस्तकं १९६६ ते १९६८ अशी ओळीनं आली. कलादालनं, घरसजावट, जुन्या वस्तूंचा बाजार हे त्यांचे विषय, लेखिकेच्या नोकरीतून थेट उचललेले, आणि म्हणून त्यांतलं शहर खरं आणि थोडं खरखरीत आहे. मग अठरा वर्षं काही नाही. तेव्हा प्रकाशनव्यवसायाला रक्तपात आणि लैंगिकता हवी होती, असं ब्रॉन यांनी पुढे सांगितलं. निवृत्तीनंतर पती अर्ल बेटिंगर यांनी आग्रह धरला आणि १९८६ साली ‘द कॅट हू सॉ रेड’ आलं. त्यानंतर क्विलरनला अफाट वारसा मिळतो आणि तो ‘सगळ्यापासून उत्तरेला चारशे मैल’ असलेल्या मूस काउंटीत राहायला जातो. तिथलं मुख्य गाव पिकॅक्स. ब्रॉन स्वतः मिशिगनमधल्या बॅड ॲक्स या गावी राहिल्या होत्या. दोन नावांतली ही कुऱ्हाड-कुदळ वाचकांनी केव्हाच जुळवली. क्विलरन सफरचंदांचं जुनं, उंच कोठार घर म्हणून सजवतो, पॉली डंकन या ग्रंथपाल बाईंशी त्याची मैत्री जुळते आणि स्थानिक वृत्तपत्रात तो सदर लिहू लागतो.

काही वाचक या वळणावर मालिका सोडतात. गरीब, चिडका, दारूशी झगडणारा क्विलरन त्यांना प्रिय होता. कोट्यधीश क्विलरनला कशाचीच ददात नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं, पहिली तीन पुस्तकं सरस आहेत यात शंका नाही. तरी मूस काउंटीत एक वेगळं काम घडलं. वाचकाला राहायला गाव मिळालं. बाबुराव अर्नाळकरांची झुंझार आणि धनंजयची पुस्तकं वाचनालयातून एका दमात चार-चार नेणाऱ्या पिढीला हे समजावून सांगायला नको. नव्या पुस्तकात जुनी माणसं भेटणं हा त्या वाचनाचा अर्धा आनंद होता, आणि मराठी समीक्षेनं त्या आनंदाची साधी नोंदही नीट घेतली नाही.

आता शेवटच्या पुस्तकांबद्दल. ‘द कॅट हू हॅड सिक्स्टी व्हिस्कर्स’ निघालं तेव्हा ब्रॉन ९३ वर्षांच्या होत्या. त्यांचं खरं वय वाचकांना थोड्याच वर्षांपूर्वी, २००५ सालच्या एका मुलाखतीतून कळलं होतं. त्या पुस्तकात पॉली पॅरिसला जाते आणि तिथेच राहायचं ठरवते. कोठाराला आग लागते. दोन्ही गोष्टी घाईघाईनं उरकल्या आहेत, क्विलरनला धड दुःखही होत नाही. वाचक संतापले. वयाचा मान राखून पुष्कळांनी सौम्य शब्द वापरले, पण मत एकच होतं: हे आमचे लोक नाहीत.

हा संताप मी उत्तम समीक्षा मानते. कोठार जळू नये अशी कुणाची मागणी नव्हती. पुस्तकामागून पुस्तक ज्या घराच्या जिन्यांवर दोन मांजरं धावली, ते घर गेल्यावर त्या माणसानं काहीतरी म्हणावं, एवढीच मागणी होती. खुनाच्या तपासात शंभर ढिसाळ धागे ज्यांनी चालवून घेतले, त्याच वाचकांनी हा एक धागा चालवून घेतला नाही. रहस्य सैल चालेल, माया सैल चालणार नाही, असा त्यांचा दंडक पहिल्यापासून होता.

तिसावं पुस्तक जाहीर झालं आणि प्रकाशकांनी मागे घेतलं. २०११ च्या जूनमध्ये ब्रॉन गेल्या. दुसऱ्या कुणी मालिका पुढे न्यावी असं काही वाचकांना वाटतं; मला वाटत नाही. नव्या लेखकाला पिकॅक्सचा नकाशा मिळेल, पॉलीला परत आणता येईल, कोठारही बांधता येईल. पण पहिल्या कोकोला खिडकीतून गमावलेली बाई तो लेखक नसेल. नव्यानं वाचू पाहणाऱ्यांना मी सांगते, १९६६ च्या पुस्तकापासून सुरुवात करा, ‘सॉ रेड’पर्यंत क्रम मोडू नका, आणि मादाम फ्लोईची कथा मिळाली तर ती आधी वाचा.