घास कोणासाठी?

हुबळीच्या आमच्या विद्यानगरात हल्ली काही घरी कुत्र्यासाठी वेगळा स्वयंपाक होतो. "माणसांना मिळेना, आणि कुत्र्याचे लाड!" असे कोणी म्हटले, की मला खंडोबा-मैलार आठवतो. मराठी वाघ्या आणि कन्नड वग्गय्या, दोघेही स्वतःला त्या देवाचे कुत्रे म्हणवतात. पंचबलीतही श्वानाचा घास आहेच. तेव्हा द्यावे की नाही, हे परंपरेने कधीच ठरवले आहे. उरतो प्रश्न एवढाच, की तो घास कोणासाठी?

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आहे. त्यांना त्या जिवाचा कोरडा घास दिसला. आपण मात्र दिवाळीत प्रेमाने बेदाण्यांची करंजी, चॉकलेट, कांद्याच्या रश्श्यात कालवलेला भात पुढे करतो. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, चॉकलेटने हृदयाचे ठोके बिघडतात. बिनमिठाचा भात, उकडलेले अंडे, बिनहाडाचे मांस त्याला मानवते. आपल्याला ते बेचव वाटते. आपली चव बाजूला ठेवणे, हाच यातला त्याग.

शिवाय घास टाकला की नाते जडते. रस्त्यावरच्या कुत्र्याला रोज खाऊ घालणाऱ्याने त्याची रेबीजची लस आणि नसबंदीही पाहिली पाहिजे. त्याच रस्त्याने आमची पोरे शाळेत येतात. दया अर्ध्यावर सोडली, की तिची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते.