संशयाचा फायदा कुणाला?

दुधाचा दात पडला की आपल्याकडे तो उंदराच्या बिळात टाकतात, नाहीतर कौलावर भिरकावतात. सत्तरच्या दशकात बॉस्टनशेजारच्या चेल्सी आणि समरव्हिल या गावांतली पहिली-दुसरीची मुलं मात्र पडलेला दात शाळेत बाईंच्या हातात देत होती. बाई मुलाला आ करायला लावून हिरडीतली ताजी खाच बघायच्या, म्हणजे दात त्याचाच आहे याची खात्री. मग तो दात हर्बर्ट नीडलमन यांच्याकडे जायचा.

नीडलमन मुलांचे डॉक्टर, पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाले. त्यांना शिसं मोजायचं होतं. शिसं पोटात गेलं की शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत आणि दातांत नेऊन ठेवतं. रक्तात गेल्या महिन्या-दोन महिन्यांचा हिशेब सापडतो. दातात मात्र वर्षानुवर्षांची बाकी साठलेली असते. (आपली शिसपेन्सिल नावालाच बदनाम. तिच्यात शिसं नसतंच, ग्राफाइट असतं. खरं शिसं होतं भिंतीच्या रंगात आणि मोटारींच्या पेट्रोलमध्ये.)

१९७९ साली निष्कर्ष छापून आले. ही मुलं आजारी नव्हती, एकालाही विषबाधेचं लक्षण नव्हतं. तरी ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांचा बुद्ध्यंक सरासरी चारेक गुणांनी कमी भरला. वर्गशिक्षिकांना दातातल्या आकड्यांची कल्पना नव्हती. पण ‘लक्ष लागत नाही, सांगितलेलं ध्यानात राहत नाही’ हा त्यांचा शेरा शिसं वाढेल तसतसा वाढत गेला. पुढे हीच मुलं मोठी झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा जास्त शिशाच्या गटात शाळा अर्धवट सुटण्याची शक्यता सातपट निघाली.

चार गुणांचं काय एवढं, असं तेव्हाही विचारलं गेलं. एका मुलापुरतं खरंच काही नाही. चार गुण तर झोप नीट न झाल्यानेही जातील. पण सबंध पिढीची सरासरी चार गुणांनी सरकली, की मधल्यांना ते जाणवत नाही, दोन्ही टोकांना जाणवतं. अतिहुशार मुलं विरळ होतात आणि ज्यांना जन्मभर आधार लागेल अशांची संख्या फुगते. डॉक्टरच्या खोलीत बसून हे दिसणं शक्य नव्हतं, कारण तिथे मुलं एकेकटी येतात. त्यासाठी हजारो दातच गोळा करावे लागले.

पुढे व्हायचं तेच झालं. एका खटल्यात शिसे-उद्योगाच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून उभ्या राहिलेल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली नीडलमन यांच्यावर वैज्ञानिक गैरप्रकाराची तक्रार केली. नीडलमन यांनी बंद दाराआडची चौकशी नाकारून सुनावणी उघड घ्यायला लावली. १९९२ साली पिट्सबर्गला ती झाली. आकडेमोडीत काही चुका निघाल्या, निष्कर्ष हलला नाही आणि गैरप्रकार सिद्ध झाला नाही. टीकाकारांचे सगळेच आक्षेप खोडसाळ होते असं मी म्हणणार नाही. गरिबी, आईचं शिक्षण, घरातलं वातावरण यांचा हिशेब मागणं रास्तच होतं. पण तो हिशेब पूर्ण होईपर्यंत शिसं मुलांच्या अंगात जात राहावं, ही अट कुणी घातली?

माझा आक्षेप इथे आहे. संशयाचा फायदा आरोपीला, हे न्यायालयातलं तत्त्व माणसासाठी आहे, कारण निरपराध माणूस तुरुंगात जाऊ नये. ते आपण रसायनांना बहाल करून टाकलं. निर्दोष असल्याचा पुरावा रसायनाने द्यायला हवा. उलट त्याच्या दोषाचा पुरावा द्यायला लागला सात वर्षांच्या मुलाला, स्वतःच्या दातातून. अमेरिकेत मुलांच्या एक डेसिलिटर रक्तात १९७० साली ४० मायक्रोग्रॅम शिसं चालायचं. १९७५ मध्ये मर्यादा ३० झाली, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०. आता ३.५ वरही दखल घेतात. दर वेळी आधीची मर्यादा ‘सुरक्षित’ समजली जात होती. सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना आज सांगते.

भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, रंगातल्या शिशावर २०१७ पासून मर्यादा आली. तरीही युनिसेफच्या २०२० च्या अहवालात, ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं रक्तात असलेल्या भारतीय मुलांचा अंदाज सुमारे साडेसत्तावीस कोटी आहे. एक मोठं कारण आपल्या घरातच आहे: मोटारीची, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी. ती कुठल्या तरी वस्तीत उघड्यावर फोडून वितळवली जाते आणि तिच्यातल्या शिशाची धूळ तिथल्या मुलांच्या हातापायांना लागते. पुढची बॅटरी भंगारात घालू नका. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत करा, आणि त्याची पावती मागून घ्या.