पाणी त पाणी आहे

१९८८ साली लग्न होऊन मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आले, तेव्हा सिंधीतला एक शब्द मला कुणाकडून शिकावा लागला नाही. 'आहे'. सिंधीतही आहे म्हणजे आहेच. तो मी पहिल्यांदा ऐकला अम्मांच्या तोंडून, वालधुनी नदीच्या काठावर. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. चालिहोचे चाळीस उपास संपले होते. थाळीत कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची, लवंगा, फळं. याला बहराणा म्हणतात. तो झूलेलालच्या, म्हणजे सिंधींच्या जलदेवाच्या, नावानं वाहत्या पाण्यात सोडायचा. बायकांनी पदर पसरून मागणं मागितलं. त्याला त्या 'पल्लव' म्हणतात. आपणही देवापुढे पदरच पसरतो. मी नवी सून, धीर करून विचारलं, "अम्मा, झूलेलाल तर सिंधूचा ना? ही तर वालधुनी." अम्मा म्हणाल्या, "पाणी त पाणी आहे, पुट."

माझं माहेर अंबरनाथचं, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत. आमचा देव जागेचा पक्का. शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचं आणि मान वर केली की थेट आभाळ. महाशिवरात्रीच्या रांगेत आम्ही कंटाळलो की आई म्हणायची, "तो हलत नाही, आपणच जायचं असतं." हे मला इतकं उघड वाटायचं की देवाला हलता येतं का, हा प्रश्नच कधी पडला नव्हता.

अम्मांचा देव हलून आला होता. फाळणीनंतर, १९४८ मध्ये कराचीहून बोटीनं मुंबई, तिथून कल्याणची लष्करी छावणी. तेव्हा त्या आठ वर्षांच्या. महायुद्धातल्या सैनिकांसाठी बांधलेल्या बॅरेकमध्ये मधे गोणपाट लावून तीन कुटुंबं राहिली. छावणीचं उल्हासनगर झालं १९४९ मध्ये. त्यांच्या आईनं पापड लाटले, त्यांनीही लाटले. गाव वसवणं म्हणजे काय, तर अम्मांच्या आठवणीत ते उडदाचं पीठ आणि दुखणारे खांदे, बाकी काही नाही. देव्हाऱ्यात गुरू नानक, झूलेलाल आणि नंतर माझ्याबरोबर आलेले महादेव. झूलेलालला सिंधमध्ये मुसलमानही मानतात, हे त्या सहज सांगायच्या. घरी यायचे त्यांना प्रश्न पडायचा, तुम्ही नक्की कोण? अम्मांना तो कधी पडला नाही. त्यांचा धर्म नावात नव्हता, थाळी मांडण्यात होता.

त्यांचं ते पाण्याचं वाक्य मी बरीच वर्षं मिरवलं. माहेरी जाऊन आईलाही ऐकवलं. केवढा मोठा विचार! नदी सुटली, गाव सुटलं, तरी देव सुटला नाही, कारण पाणी सगळीकडे आहे. अडाणी बाईनं वेदान्त सांगितला, असं मला वाटायचं. (अम्मा अडाणी नव्हत्या. सिंधी अरबी लिपीत झरझर वाचायच्या. ती मला येत नव्हती, म्हणून मी त्यांना अडाणी धरलं.)

मग आमच्याकडे जीन्स आली. आधी शिलाई, पुढे माझ्या दिरांनी गाळा घेऊन वॉशिंग सुरू केलं. जीन्स नुसती शिवून विकली जात नाही. ती धुऊन, रंग उतरवून, विटकी करावी लागते. उतरलेला रंग नाल्यात आणि नाला वालधुनीत. आमच्यासारखे कितीतरी. घरात पैसा आला, बॅरेकच्या जागी दोन मजले उठले, माझ्या मुलीची फी त्यातूनच गेली. नदीचा विषय निघाला की दीर हसून म्हणायचे, "पाणी त पाणी आहे." अम्मांचंच वाक्य!

तेव्हा मला त्या वाक्याची दुसरी बाजू दिसली. देव सगळ्या पाण्यात असेल, तर कुठलंच एक पाणी जपायची गरज उरत नाही. जागेला चिकटलेल्या देवाची माणसं आपल्या जागेपुरती तरी झाडलोट करतात. पण माझ्या माहेरच्यांनीही फुशारकी मारू नये, मंदिराच्या कुशीतून वाहते तीही हीच वालधुनी, आणि तिची तिथली दशा त्यांनी रोज पाहिली आहे.

२००८ च्या चालिहोत आम्ही काठावर गेलो तर पाणी गडद निळं होतं, शाईसारखं. काठाला फेस. अम्मा थाळी घेऊन खाली उतरल्या, वाकल्या आणि तशाच थांबल्या. मी म्हटलं, सोडा ना, मागं रांग आहे. त्या काही न बोलता वर आल्या. घरी येऊन त्यांनी मोरीतली स्टीलची बादली घासली, नळाखाली भरली, तिच्यात कणकेचा दिवा सोडला आणि पदर पसरला. नळाचं पाणी बारवी धरणाचं, बदलापूरकडून आलेलं. त्याच्याखालीही कुणाची गावं गेली आहेत, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. संध्याकाळी बादली मोगऱ्याला घातली.

त्या दिवसानंतर 'पाणी त पाणी आहे' असं अम्मा कधी म्हणाल्या नाहीत. मुलाला एक शब्द बोलल्या नाहीत, मलाही नाही. २०११ मध्ये त्या गेल्या. आमचं वॉशिंग त्यानंतर आणखी सहा वर्षं चालू होतं, आणि त्याचा हिशेब मी ठेवत होते.