उशिरा सांगितलेले सत्य

वृत्तपत्रात राजकारणावर सदर लिहिणाऱ्या माणसाने एके दिवशी लेखणी खाली ठेवावी आणि एखाद्या उमेदवाराचा सल्लागार व्हावे, यात काही अनैतिक आहे काय? ‘काल टीका करीत होता, आज आरती ओवाळतो,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रश्न इतका सोपा नाही, असे आम्हांला वाटते.

अमेरिकेतील डेव्हिड ॲक्सलरॉड यांचे उदाहरण घेऊ. ‘शिकागो ट्रिब्यून’ या दैनिकात ते वार्ताहर होते. तिशी गाठण्यापूर्वीच राजकीय सदरही लिहू लागले. १९८४ साली ती नोकरी सोडून ते पॉल सायमन यांच्या सिनेट निवडणुकीच्या प्रचारात दाखल झाले. सायमन विजयी झाले. पुढे ॲक्सलरॉड यांनी हाच व्यवसाय पत्करला आणि २००८ साली बराक ओबामा यांना अध्यक्षपदी पोहोचविणाऱ्या प्रचाराचे ते प्रमुख व्यूहरचनाकार ठरले.

या स्थित्यंतरात आम्हांला दोष दिसत नाही, कारण ते उघडपणे झाले. याउलट स्तंभलेखक जॉर्ज विल यांनी १९८० साली कार्टर-रेगन वादसभेपूर्वी रेगन यांच्या तयारीस हातभार लावला आणि नंतर दूरचित्रवाणीवर, आपला सहभाग न सांगता, रेगन यांच्या कामगिरीची वाखाणणी केली. ही गोष्ट १९८३ साली बाहेर आली. बाजू घेणे हा अपराध नव्हे. घेतलेली बाजू झाकून निःपक्ष भाष्यकाराच्या आसनावर बसणे, हा मात्र वाचकाचा विश्वासघात होय.

परंतु खरी कसोटी पुढेच असते. २०१५ साली ॲक्सलरॉड यांनी आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. समलिंगी विवाहाला ओबामांचा मनातून पाठिंबा होता. तथापि कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील विरोध ध्यानात घेऊन, सल्लागारांच्या मतानुसार त्यांनी निवडणुकीत वेगळी भूमिका मांडली, असे त्यांनी तेथे लिहिले. ॲक्सलरॉड माझ्या वैयक्तिक भावना आणि माझी भूमिका यांची गल्लत करीत आहेत, असा ओबामांनी खुलासा केला. मात्र १९९६ साली त्यांनी अशा विवाहांना लेखी पाठिंबा दिला होता, २००८ साली विवाह स्त्री-पुरुषांचाच असे जाहीरपणे म्हटले आणि २०१२ साली पुन्हा पाठिंबा घोषित केला, हा क्रम सर्वांसमोर आहे.

विवाहाविषयी आपले मत काय, हा येथे मुद्दा नाही. त्या चर्चमध्ये बसणाऱ्या श्रद्धावंत मतदाराला काय देणे होते, हा मुद्दा आहे. ‘आधी निवडून तर येऊ, मग भले करता येईल,’ हा सल्लागाराचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. प्रत्येक गोष्ट प्रत्येक वेळी बोलून दाखविणे म्हणजे सत्यनिष्ठा नव्हे. व्यवहारात विवेकही लागतो. पण मौन पाळणे वेगळे आणि मनात एक असताना दुसरेच सांगणे वेगळे. २००८ साली मतदाराला जे सत्य द्यावयाचे होते, ते २०१५ साली ग्रंथाच्या वाचकाला मिळाले. मत देऊन झाल्यावर हाती आलेल्या सत्याचा मतदाराला काय उपयोग?

हा प्रश्न दूरदेशीच्या राजकारण्यांपुरता आहे, असे समजून आपण स्वस्थ बसू नये. मुलीचे स्थळ जुळत असता, ‘तो आजार आता सांगू नका, लग्न होऊ द्या,’ असा सल्ला आपल्याही घरांत दिला जातो. देणारा माणूस दुष्ट नसतो. त्या घराचे त्याला भलेच हवे असते. समोरच्या घराला निर्णय घ्यावयाचा आहे, तेवढेच तो विसरतो.

सल्ला देण्यापूर्वी आपण सर्वांनीच क्षणभर थांबावे. १९८४ पूर्वीच्या त्या तरुण सदरलेखकाला २००८ सालचा हा सल्ला कळला असता, तर त्याने आपल्या सदरात काय लिहिले असते? आपल्या सल्ल्याविषयी उद्या दुसऱ्याने तेच लिहिले, तर ते आपल्याला खाली मान न घालता वाचता येईल काय?